डोळा आपला, प्रयोग कुणाचा?

गेल्या महिन्यात ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका ज्येष्ठ नागरिक संघाने ‘स्टेम सेल आणि उतारवयातली दृष्टी’ या विषयावर चर्चा ठेवली होती. स्टेम सेल म्हणजे मूळपेशी, जिच्यापासून शरीरातल्या वेगवेगळ्या पेशी घडू शकतात. आत्याला घेऊन मी गेले होते. सभागृह भरलेलं, पुढच्या दोन रांगांत काळे चष्मे लावलेली मंडळी. दोन तास बोलणं झालं आणि दोन्ही तास ते एकाच खुंटाभोवती फिरलं. एक निवृत्त बँक अधिकारी तावातावाने म्हणाले, “आमचं वय ऐंशी. डोळा तसाही चाललाय. आमच्या पैशाने, आमच्या मर्जीने आम्ही प्रयोग करून घेतला, तर सरकारच्या पोटात का दुखावं?” त्यावर व्यासपीठावरचे डॉक्टर म्हणाले, “स्टेम सेल म्हणजे शुद्ध फसवणूक आहे, नादी लागू नका.” टाळ्या दोघांनाही पडल्या. परतताना रिक्षात आत्या म्हणाली, “दोघांचंही पटलं गं, आणि दोघांचंही नाही पटलं.”

मला ते तेव्हापासून खटकतंय. घरोघरी, व्हॉट्सअॅपच्या गटांत, तलावपाळीच्या बाकांवर हा वाद असाच घातला जातो: एकीकडे हक्क, दुसरीकडे थोतांड. माझं म्हणणं वेगळं आहे. जोखीम घेण्याचा हक्क म्हाताऱ्या माणसाला असलाच पाहिजे, तरुणाइतका, कदाचित थोडा जास्तच. पण जोखीम विकण्याचा हक्क कुणालाही असता कामा नये. जे अजून सिद्ध झालेलं नाही त्याचं बिल रुग्णाच्या हातात पडलं, की तो प्रयोग राहत नाही आणि उपचार तर तो नसतोच. खरा वाद बिलाचा आणि नोंदीचा आहे. आपण मात्र भांडतोय धाडसावर आणि भोळेपणावर.

आधी आजार काय ते सांगते, कारण सभेत तेच राहून गेलं. आत्या ८१ वर्षांची, सारा जन्म शाळेत शिकवण्यात गेला. चार वर्षांपूर्वी तिला स्वयंपाकघराच्या दाराची चौकट मध्येच बाक आल्यासारखी दिसू लागली. तिने सुतार बोलावला. सुताराने ओळंबा धरून दाखवला, चौकट सरळ होती. वाकली होती ती तिच्या उजव्या डोळ्यातली रेघ. पडद्याच्या डॉक्टरांनी निदान केलं एएमडी, म्हणजे वयोमानाने होणारी मॅक्युलाची झीज. मॅक्युला म्हणजे पडद्याचा मधला, बारीक अक्षर आणि माणसाचा चेहरा टिपणारा भाग. त्याच्या मागे रंगद्रव्य असलेल्या पेशींचा एकच पदर असतो, आरपीई म्हणतात त्याला. प्रकाश टिपणाऱ्या पेशींचं खाणंपिणं बघायचं, त्यांचा रोजचा कचरा उचलायचा, हे त्याचं काम. हा पदर थकला की वरच्या पेशी उपाशी मरतात. हा कोरडा प्रकार. काहींच्या पडद्याखाली नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटतात आणि गळू लागतात. तो ओला प्रकार. मोतीबिंदू काढून भिंग बसवलं की दिसू लागतं. इथे बदलायला भिंग नाही, फिल्मच जळालेली असते. आत्या आता समोरच्याचा चेहरा बघायचा असेल तर त्याच्या कानाकडे बघते, म्हणजे कडेच्या नजरेत चेहरा येतो. नवीन माणसाला वाटतं, या बाई नजर चुकवतात.

अशा माणसाला ‘नवी पेशी घालून पदर पुन्हा विणता येईल’ असं कुणी सांगितलं, तर त्याचे कान टवकारणारच. आणि हे सांगणं खोटं नाही, म्हणून व्यासपीठावरच्या डॉक्टरांचं ‘शुद्ध फसवणूक’ मला मान्य नाही. १९९८ मध्ये माणसाच्या भ्रूणातल्या मूळपेशी प्रयोगशाळेत वाढवता आल्या. शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या साध्या त्वचेच्या पेशींना उलट चालवून पुन्हा मूळपेशी बनवलं; त्याचं नोबेल २०१२ मध्ये मिळालं. सप्टेंबर २०१४ मध्ये जपानमधल्या कोबे इथे मासायो ताकाहाशी यांच्या गटाने सत्तरी ओलांडलेल्या एका बाईच्या स्वतःच्याच त्वचेपासून आरपीईचा पातळ पापुद्रा तयार करून तिच्या डोळ्यात बसवला. लंडनमधल्या गटाने भ्रूण-मूळपेशींपासून केलेलं ठिगळ दोन रुग्णांच्या पडद्याखाली घातलं. २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. दोघांनाही तक्त्यावरची वीसहून जास्त अक्षरं जास्तीची वाचता आली. अमेरिकेत डॉ. कपिल भारती यांच्या गटाने २०२२ मध्ये कोरड्या प्रकारच्या पहिल्या रुग्णात त्याच्याच पेशींपासून केलेला पापुद्रा बसवला. आपल्या देशात हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेने बुबुळाच्या कडेच्या मूळपेशींवर केलेलं काम जगभर वापरलं जातं. चुन्याच्या पुडीशी खेळताना डोळा भाजलेल्या पोरांना त्यातून दिसू लागलं आहे. चांगल्या डोळ्यातला कणभर तुकडा घेऊन तो भाजलेल्या डोळ्यावर पेरायचा, ही त्यांची साधी पद्धत २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. हे सगळं थोतांड कसं म्हणायचं?

पण यातली एक गोष्ट नीट बघा. कोबेच्या त्या बाईंची दृष्टी सुधारली नाही. आणखी बिघडली नाही इतकंच, आणि ते तसंच छापलं गेलं. दुसऱ्या रुग्णाच्या पेशी तयार झाल्यावर त्यांच्यात जनुकीय बदल आढळले, तेव्हा ताकाहाशींनी शस्त्रक्रियाच थांबवली. सगळ्या जगाचे डोळे लागलेले असताना थांबवली. लंडनमध्ये एका रुग्णाचा पडदा पुढे सुटला, तो पुन्हा बसवावा लागला. तेही निबंधात आहे. वाईट बातमी लिहून ठेवणं ही खऱ्या संशोधनाची पहिली खूण आहे.

आता माझा अनुभव. दीड वर्षापूर्वी कुणीतरी आत्याला एका केंद्राचा पत्ता दिला. पोटाची चरबी काढायची, त्यातून ‘मूळपेशी’ वेगळ्या करायच्या आणि त्याच दिवशी डोळ्यात सोडायच्या. दोन्ही डोळ्यांचे मिळून साडेचार लाख, निम्मे आगाऊ. समोरच्या मुलीने प्लॅस्टिकच्या वेष्टनातली माहितीपत्रिका आत्याच्या हातात दिली, जी आत्याला वाचता येणार नव्हती. मी विचारलं, आजवर किती जणांना केलंत? त्यातल्या किती जणांची दृष्टी वाढली, किती जणांची गेली? ती म्हणाली, “मॅडम, प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं.” मी पुन्हा विचारलं. ती आत जाऊन आली आणि म्हणाली की सर म्हणतायत, आकड्यांत अडकू नका, विश्वास ठेवा. आत्या उठली. तिचा हात माझ्या हातात होता आणि तो थरथरत होता. भीतीने नाही. तिला जायचं नव्हतं. तिला ते करून घ्यायचं होतं.

त्या थरथरीचा मान ठेवूनच मी पुढचं लिहिते आहे, कारण बँकेतल्या काकांच्या बाजूला खरोखर वजन आहे. ऐंशीव्या वर्षी ‘दहा वर्षं थांबा’ या वाक्याचा अर्थ ‘तुमच्यासाठी नाही’ असाच होतो. चाचण्या होतात त्या हैदराबादला, बंगळुरूला, परदेशात. त्यात मोजक्या जागा, आणि वय, साखर, आधीची शस्त्रक्रिया अशा अटींवर बहुतेकांना परत पाठवतात. शिवाय इतिहासही त्यांच्या बाजूने साक्ष देतो. आज ठाण्यात गल्लोगल्ली मोतीबिंदूनंतर जे कृत्रिम भिंग बसवतात, ते पहिल्यांदा बसवलं लंडनच्या हॅरोल्ड रिडली यांनी, २९ नोव्हेंबर १९४९ ला. युद्धातल्या वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या छताचे तुकडे घुसले होते आणि डोळ्याने ते निमूट सहन केले, हे त्यांनी पाहिलं होतं. तेवढ्या आधारावर त्यांनी पाऊल उचललं. पुढे कितीतरी वर्षं त्यांच्याच क्षेत्रातल्या थोरांनी त्यांना वेड्यात काढलं; अमेरिकेत या भिंगाला रीतसर मान्यता मिळायला १९८१ उजाडलं. सावधगिरीच्या नावाखाली दोन पिढ्यांना सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखे चष्मे घालावे लागले. हा दोष सावध लोकांचाच, तो मी पुसून टाकणार नाही.

तरी रिडलींचं उदाहरण त्या केंद्राच्या उपयोगाचं नाही. १९५१ मध्ये त्यांनी आपले रुग्ण ऑक्सफर्डच्या परिषदेत नेले आणि सहकाऱ्यांना म्हणाले, बघा. काहींनी बघायलाही नकार दिला. पण रुग्ण समोर होते, निष्कर्ष छापले गेले होते, भिंग सरकल्याच्या, काढावं लागल्याच्या हकिगतीही पुढे आल्या, म्हणून नंतरच्या लोकांना ते सुधारता आलं. आपल्याकडची चरबीची केंद्रं किती वर्षं चालू आहेत? त्यांनी कुठल्या परिषदेत आपले रुग्ण उभे केले? ज्यांना पैसे घेऊन इंजेक्शन दिलं त्यांचे डोळे वर्षभराने कसे आहेत, हे त्यांना स्वतःला तरी ठाऊक आहे का?

अमेरिकेत काय झालं ते कळलं, कारण तिथल्या काही डॉक्टरांनी ते लिहून काढलं. २०१५ मध्ये फ्लोरिडात ७२ ते ८८ वयाच्या तीन स्त्रियांना याच आजारासाठी पोटाच्या चरबीतून काढलेल्या पेशी दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी टोचल्या. प्रत्येकीने ५,००० डॉलर मोजले. काही दिवसांत रक्तस्राव झाला, पडदे सुटले. आधी कमी का होईना दिसत होतं, ते जवळजवळ गेलं. एकीला प्रकाशही कळेना. मार्च २०१७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ही हकिगत आली. चरबीतली पेशी डोळ्यात सोडली म्हणून आरपीई होत नाही. ती आपल्या वळणाने वाढते, पडद्यावर पापुद्रा धरते आणि तो आकसला की पडद्याला ओढते. आणि दोन्ही डोळे एकाच दिवशी का? खऱ्या चाचणीत जास्त गेलेला एकच डोळा घेतात, दुसरा राखून ठेवतात. दुसऱ्या डोळ्यालाही त्याच दिवशी हात घालायचं वैद्यकीय कारण मला तरी कुठे सापडलं नाही. बिलाचं मात्र सापडतं.

या प्रकरणातली सर्वांत बोचरी गोष्ट अशी, की असा अभ्यास सरकारी नोंदवहीच्या संकेतस्थळावर नोंदवलेला होता. तिथे नाव दिसलं की माणूस समजतो, हे संशोधन आहे. म्हणून ‘नोंदणी आहे का ते तपासा’ एवढाच सल्ला मला अपुरा वाटतो. नोंदणी क्रमांक विचारावाच. आपल्याकडे सीटीआरआय ही चाचण्यांची सरकारी नोंदवही आहे आणि २००९ पासून चाचणीची नोंद सक्तीची आहे. पण त्याच्याही आधी एक प्रश्न विचारावा: पैसे कोण देणार?

हा प्रश्न मी इतका का धरून बसले आहे? चाचणीचा खर्च जेव्हा कंपनी किंवा सरकार करतं, तेव्हा उपचार लागू पडला तरच त्यांचा पैसा वसूल होतो. म्हणून ते मोजतात, पुन्हापुन्हा तपासायला बोलावतात. रुग्णाने आधीच पैसे दिले असतील, तर निकालाची गरज कुणाला उरली? पेशी जगली काय, मेली काय, धंदा झालेला असतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना याच पायावर उभ्या आहेत: रक्ताच्या ठरावीक आजारांतलं मूळपेशी प्रत्यारोपण सोडलं तर बाकी सगळं फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करायचं, आणि त्यात रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत. २००७ च्या सूचनांच्या शीर्षकात ‘संशोधन आणि उपचार’ असे दोन शब्द होते. २०१३ मध्ये त्यातला ‘उपचार’ काढून टाकला, मुद्दाम, कारण त्या एका शब्दाच्या आडोशाने दुकानं उघडली जात होती. २०१९ च्या औषध चाचणी नियमांनी मूळपेशींपासून केलेलं उत्पादन ‘नवं औषध’ ठरवलं, चाचणीत इजा झाली तर उपचार आणि भरपाईची तरतूद केली. १९५४ च्या जादूटोणावजा उपचारांच्या जाहिरातींविरुद्धच्या कायद्याच्या यादीत तर आंधळेपणाचं नावही आहे. कायदा आहे. तो वापरायची मागणी करणारे आपण नाही.

“पण माझ्या एकट्याच्या पैसे देण्याने कुणाचं काय बिघडतं?” हा काकांचा दुसरा प्रश्न. बिघडतं, आणि ते एकदा मोठ्या प्रमाणावर बिघडून झालेलं आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगासाठी जबर केमोथेरपी आणि त्यामागून रुग्णाच्याच अस्थिमज्जेचं प्रत्यारोपण अशी लाट आली. तर्क पटण्यासारखा होता, बायकांचा जीव टांगणीला लागलेला होता, विमा कंपन्यांना कोर्टाने दंड ठोकले. हजारो बायकांनी ते चाचणीबाहेरच करून घेतलं. मग चिठ्ठी टाकून गट पाडणाऱ्या चाचणीत कोण येणार? वर्षानुवर्षं त्या चाचण्यांना रुग्ण मिळेनात. अखेर १९९९ मध्ये निकाल लागला, साध्या केमोथेरपीपेक्षा फायदा नाही. एकच अभ्यास फायदा दाखवत होता, दक्षिण आफ्रिकेतला. तपासणीत तो खोटा निघाला. त्या बायकांनी ज्या यातना सोसल्या त्यांतून पुढच्यांना जे दोन-तीन वर्षांत कळायला हवं होतं, त्याला दशक गेलं. प्रत्येकीचा निर्णय तिच्यापुरता शहाणाच होता. सगळ्यांच्या निर्णयांची बेरीज क्रूर झाली.

डोळ्यांच्या बाबतीतलं उदाहरण तर याहून कालवाकालव करणारं आहे. १९४० च्या दशकात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना काचपेटीत भरपूर ऑक्सिजन देत. बाळ निळं पडतंय, त्याला श्वास द्या, यात कुणाला शंका वाटेल? बाळं जगत आणि त्यांतली पुष्कळ आंधळी होत. जगभरात सुमारे दहा हजार मुलांची दृष्टी गेली असा अंदाज आहे. वॉशिंग्टनमधल्या एका रुग्णालयात डॉ. अर्नाल पॅट्झ यांनी कमी ऑक्सिजनचा गट पाडून तुलना करायला घेतली, तर परिचारिका रात्री गुपचूप त्या बाळांचा ऑक्सिजन वाढवत. त्यांच्या मनात ममताच होती. १९५४ मध्ये अठरा रुग्णालयांच्या चाचणीने ऑक्सिजनचा दोष पक्का केला. पुढे ऑक्सिजन फार आखडता घेतल्यानेही बाळं दगावली, आणि तेही मोजल्यावरच कळलं. त्या परिचारिकांना मी दोष देत नाही. आत्याला त्या केंद्रातून बाहेर आणताना माझंही मन तसंच झालं होतं, की मी हिचा श्वास तर तोडत नाही ना?

जपानचा दाखला हल्ली फार दिला जातो: तिथे थोड्या पुराव्यावर तात्पुरती मान्यता देतात, मग आपण का अडून बसायचं? २०१५ मध्ये तिथे हृदयावर लावायच्या पेशींच्या पापुद्र्याला अशी मान्यता मिळाली होती. मुदतीत परिणाम सिद्ध करता आला नाही म्हणून २०२४ मध्ये ते उत्पादन बाजारातून मागे घ्यावं लागलं. दार किलकिलं ठेवायचं तर परत लावायचीही तयारी लागते. आपल्याकडे एकदा उघडलेलं दुकान बंद कोण करणार?

आणि आपल्याला जपानपर्यंत जायची गरज नाही. खाडी ओलांडून खारघरला जा. टाटा मेमोरियलच्या अॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात जून २०२१ मध्ये रक्ताच्या कर्करोगासाठी आयआयटी मुंबईत घडवलेली कार-टी पेशींची चिकित्सा पहिल्यांदा दिली गेली. रुग्णाच्याच पेशी काढायच्या, त्यांचं जनुक बदलायचं, परत द्यायच्या; चरबीच्या केंद्रात सांगतात त्यापेक्षा हे शतपट अवघड. तरी ते रीतसर चाचणीतून गेलं, ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली, परदेशात कोट्यवधींना पडणारी चिकित्सा इथे त्याच्या कितीतरी कमी खर्चात आली. पहिल्या रुग्णापासून मान्यतेपर्यंत अडीच वर्षंही लागली नाहीत. म्हणजे नियम पाळले की म्हातारे वाट बघत मरतात, हे खरं नाही. पैसा, प्रयोगशाळा आणि मनुष्यबळ मिळालं की नियम पाळूनही वेगाने जाता येतं.

म्हणून ज्येष्ठ नागरिक संघांनी भांडावं ते यासाठी. डोळ्यांसाठीच्या मूळपेशी-चाचण्यांच्या जागा मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात का नसाव्यात? कळव्याला महापालिकेच्या रुग्णालयाला वैद्यकीय महाविद्यालय जोडलेलं आहे, मुंबईत मोठी सरकारी रुग्णालयं आहेत, ट्रेनने तासाभरात पोचता येईल इतके हजारो रुग्ण आहेत. वयाची अट कुठे निव्वळ सोयीसाठी घातली आहे, हे विचारायला हवं. संमतीचे कागद मोठ्या अक्षरात, मराठीत हवेत; ज्याचा आजारच न दिसण्याचा, त्याच्यासमोर बारीक टायपाची वीस पानं सही करायला ठेवणं मला अपमान वाटतो. ऐंशीच्या माणसाने ‘मला धोका पत्करायचाय’ म्हटलं, तर त्याला विनाशुल्क, देखरेखीखाली, भरपाईच्या हमीसह तो पत्करता आला पाहिजे. यातलं काहीही मागायला कुणी मोर्चा काढलेला मी पाहिला नाही.

तोवर जे आहे ते तरी हातचं जाऊ नये. ओल्या प्रकारात डोळ्यात द्यायची इंजेक्शनं गळती थांबवतात. कर्करोगाचं म्हणून आलेलं बेव्हासिझुमॅब त्यात महागड्या इंजेक्शनाच्या तोडीचं काम करतं, हे २०११ च्या अमेरिकी चाचणीत दिसलं आणि त्यामुळे मध्यमवर्गाला ते झेपू लागलं. पण ते वेळेवर लागतं. आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी ‘आता स्टेम सेलच करू’ म्हणून पाच महिने इंजेक्शनं थांबवली, त्या पैशांची बचत केली, आणि त्या पाच महिन्यांत डाव्या डोळ्यात वण धरला. तो वण आता कुठलंच इंजेक्शन काढू शकत नाही. साडेचार लाखांत किती इंजेक्शनं झाली असती, हा हिशेब बँकेतल्या काकांनीच करावा.

आत्याच्या फ्रिजवर बारीक चौकटींचा कागद चिकटवलेला आहे, मधोमध काळा ठिपका. रोज चहाच्या आधी ती उजवा डोळा तळव्याने झाकते, डाव्याने ठिपक्याकडे बघते आणि रेघा सरळ आहेत का ते मोठ्याने सांगते. परवा सांगून झाल्यावर म्हणाली, “खरी चाचणी कधी आलीच, तर उजव्या डोळ्यासाठी माझं नाव दे. फुकट असेल तरच. आणि काय झालं ते मला वाचून दाखवायचं, वाईट झालं तरी.” मी तिचे चार वर्षांचे ओसीटीचे, म्हणजे पडद्याचे थर दाखवणाऱ्या तपासणीचे, कागद काढले, तारखेप्रमाणे लावले आणि फाइलवर मार्करने मोठ्या अक्षरात तिचं नाव लिहिलं.